रागाची उतरंड

मास्तर, तुमच्या जाण्याची बातमी मीच लिहिली. नागपूरच्या आमच्या दैनिकात ती आतल्या पानावर आली. नाव, गाव, वय, किती वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, किती वर्षं वर्ध्याचं साप्ताहिक चालवलं, एवढंच. 'व्यासंगी' नाही, 'लोकप्रिय' नाही, 'सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे' तर नाहीच. आमच्याकडच्या एका उपसंपादकानं मजकूर वाचून विचारलं, "एवढी कोरडी? गुलाबराव मास्तर तुमचे गुरू ना?" मी म्हटलं, "म्हणूनच."

ती बातमी वाचकांसाठी होती. साप्ताहिकाच्या मंडळींनी तुमच्यासाठी हा अंक काढायचं ठरवलं आणि मला हवी तेवढी जागा देऊ केली. इतकी जागा तुम्ही मला कधी दिली नाहीत. ती मी तुमच्याशी बोलण्यात घालवणार आहे, आणि बोलणार आहे ते एका इंग्रजी शब्दाबद्दल. इतर कोणाला हे चमत्कारिक वाटेल. तुम्हाला वाटणार नाही.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता आणि सरकारी कचेरीचे कागद इंग्रजीत चालत. दुपारी चारच्या सुमाराला नागपूरची इंग्रजी दैनिकं स्टेशनवरून येत. तुम्ही एक बातमी खुणावून माझ्यापुढे सरकवायचे आणि मी ती मराठीत उतरवायची, हा आपला परिपाठ होता. तुमच्या खुर्चीमागे शाळेतून आणलेला एक जुना काळा फळा होता. त्यावर खडूनं एक उतरंड काढलेली होती, स्वयंपाकघरात मडक्यांची असते तशी. वरच्या लहान मडक्यावर 'अॅनॉइड' लिहिलेलं, त्याखाली 'अँग्री', त्याखाली आणखी दोन-तीन, आणि सगळ्यांच्या तळाशी, सर्वांत मोठ्या मडक्यावर, 'फ्युरियस'. रागाचे शब्द पोरांना पाठ होत नाहीत म्हणून शाळेत काढलेलं चित्र ते. वर्तमानपत्रात आल्यावर तुम्हाला त्याचा वेगळा उपयोग दिसला. "तळच्या मडक्याले हात घालाचा असन," तुम्ही म्हणायचे, "त वरचे सारे एकेक करून उतरवा लागतात. मधातूनच वढलं त काय होते, ते घरी मायले इचार."

मी तो तळचा शब्द पहिल्यांदा मराठीत आणला तेव्हा 'संतप्त' लिहिला होता. सगळेच लिहीत. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत.

"संतप्त म्हंजे काय?"

"खूप तापलेला."

"दूध तापलं, तरी भांड्यातच राह्यते ना? उतू गेलं ते वायलं. हा शब्द उतू गेल्याचा हाय."

"मग खवळलेला लिहू?"

"दर्या खवळते. वर्ध्यात दर्या कुठी पाह्यला बे तू?"

मग तुम्ही खडू ठेवलात आणि मला टोपीची कसोटी सांगितलीत. संतापलेल्या माणसाची टोपी पडली तर तो ती उचलतो, झटकतो, डोक्यावर ठेवतो आणि मग पुढं भांडतो. फ्युरियस माणसाला टोपी पडल्याचं कळतच नाही. तेव्हापासून आपल्या कचेरीत हा एक रिवाजच झाला. कोणीही कुठली भांडणाची बातमी आणली की तुम्ही मान वर न करता विचारायचे, "टोपी पाह्यली का?" म्हणजे तू स्वतः तिथं होतास का. पाहिली नसेल तर विशेषण कापलं जाई. आंजीचा वार्ताहर असो की आर्वीचा वकील, सवलत कोणालाच नव्हती.

मी त्या दिवसांत नागपूरच्या एका इंग्रजी दैनिकाला तारेनं बातम्या पाठवत असे. तुमची हरकत नव्हती. बावीस वर्षांचा होतो. माझं इंग्रजी दुसऱ्या दिवशी छापून येतं याचा मला अभिमान होता. तारेत शब्द थोडे हवेत आणि जोराचे हवेत, असं मला वाटे. कोणी तसं सांगितलं नव्हतं.

आता आंजीच्या बाजाराची गोष्ट. या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळांना ती ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. तुम्हाला चुका काढायची मुभा नाही.

आंजीचा आठवडी बाजार पिढ्यान्‌पिढ्या ज्या वारी भरत होता तो वार बदलायचं ठरलं. दुसऱ्या एका मोठ्या बाजाराचा तोच वार होता आणि व्यापाऱ्यांची ओढाताण होई. कारण खोटं नव्हतं. पण आंजीला ते पटलं नाही. गावानं अर्ज केला. उत्तर येण्याआधीच बाजाराचा जुना वार उजाडला. तेव्हा गावानं टोपल्या, पोती, गाडगी गाड्यांत भरली, वर्ध्याला आणली आणि जिल्हा कचेरीच्या आवारात आपला बाजार मांडला. घोषणा नाहीत, फलक नाहीत. वांगीवाल्या बाया ओळीनं बसल्या, कुंभार झाडाखाली बसला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माल दाखवू लागले.

यातलं काहीही मी पाहिलं नाही. मी सकाळपासून सेवाग्रामला होतो. दुपारी परत आलो तेव्हा पानवाला म्हणाला, "आंजीवाले आलते. भल्ला दंगा झाला. त्याइचा कोतवाल काठी घेऊन सारायच्या पुढं पळे." मी आवारात गेलो. माणसं निघून गेली होती. तुडवलेली वांगी, विखुरलेल्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, फुटक्या गाडग्यांच्या खापऱ्या आणि फाटकाशी उभे दोन शिपाई, एवढं दिसलं. त्या शिपायांना विचारलं असतं तरी चाललं असतं. तारघर बंद व्हायला थोडा वेळ उरला होता. आंजीच्या फ्युरियस जमावानं कचेरीच्या आवारात धुडगूस घातला आणि हाती काठी घेतलेला गावचा कोतवाल सर्वांच्या पुढे होता, अशी तार मी केली.

नासधूस झाली होती, काठी होती, कोतवाल धावला होता. प्रत्येक तुकड्याला आधार होता. तेवढ्या एका शब्दाला नव्हता. तो मी घातला, कारण तो घातल्याशिवाय बाकीचे तुकडे एकमेकांना जुळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो शब्द मथळ्यात आला. तुम्ही अंक वाचलात, घडी घातलीत आणि विचारलंत, "टोपी पाह्यली का?"

मी म्हटलं, "हो."

आंजी तुमचं गाव. तुम्हाला खरं काय घडलं ते तेव्हाच कळलं होतं की नाही, हे मी पुढं कधी विचारलं नाही.

आठ-दहा दिवसांनी गणपत कोतवाल आपल्या कचेरीत आला. पन्नाशीचा, उंच, किडकिडीत माणूस. कोतवाल म्हणजे गावातला सरकारचा सर्वांत धाकटा नोकर. दवंडी देणं, पहारा करणं, कागद पोचवणं हे त्याचं काम. त्याच्या छातीवर पितळी बिल्ला असायचा, तो नव्हता. चौकशी पुरी होईपर्यंत त्याला कामावरून दूर केलं होतं. सरकारी नोकर दंगेखोर जमावाच्या पुढे होता हा आरोप, आणि आरोपाला आधार म्हणून बातमीचं कात्रण. ते कात्रण कोणीतरी त्याला मिळवून दिलं होतं. त्यानं ते पागोट्यातून काढून तुमच्यापुढे ठेवलं.

"मास्तर, ह्या कागदात माह्यावर काय लिहून ठेवलं ते जरा वाचून दाखवा जी."

तुम्ही एकेक वाक्य मराठीत सांगत गेलात. त्या शब्दापाशी थांबलात.

"पुढं?" गणपतनं विचारलं.

"पुढं एक इंग्रजी शब्द हाय. तो ह्यानं लिहिला. हाच सांगन." आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "सांग त्याले."

शब्दाचा अर्थ सांगणं इतकं कठीण जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "म्हणजे… फार राग आलेले. स्वतःवर ताबा न राहिलेले लोक."

"कोनाले आला राग?"

"आंजीच्या लोकांना. तुम्हाला."

"मले?" गणपत खरोखर हसला. "मी त बैलामांगं पळून राह्यलतो जी! कचेरीच्या घंटेपाशी बैल बांधून ठेवलता आमच्या शहाण्यानं. बाराचा पह्यला टोला पडला, त बिचकला, दावं तोडलं अन् सुटला. वांग्यातून गेला, सांभारातून गेला, कुंभाराचे गाडगे फोडले. मी काठी घेऊन त्याच्या मांगं. बैलामांगं धावतानी काठी नाई घ्याव, त का पोथी घ्याव?"

"म्हंजे फ्युरियस एकच होता तिथं," तुम्ही म्हणालात. "बैल."

तुम्ही हसला नाहीत. गणपतचंही हसू गेलं. "कोतवाली माह्या बापानं केली, आज्यानं केली," तो म्हणाला. "साहेब म्हनते, मी काय करू, पेपरात आलं. बिल्ला काढून घेतला माह्या आंगावरून, मास्तर. गावासमोर."

तुम्ही मला छापखान्यातून प्रूफं आणायला पाठवलंत. मी परत आलो तेव्हा गणपत ओट्यावर बसला होता आणि तुम्ही टेबलाशी, नेहमीसारखे. नेहमीच्याच आवाजात म्हणालात, "उद्या आंजीले जाचं हाय. सकाळीच येजो."

सायकलींवरून आपण गेलो. तुम्ही मला लिंबाखाली बसवलंत आणि त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी वर्ध्याला बाजार मांडला होता त्यांना एकेक करून बोलावलंत. प्रश्न मी विचारायचे, तुम्ही मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं होतं. ते तुम्ही पाळलंत, एकदा सोडून. कौसाबाई नावाच्या वांगीवालीनं मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "हाच का तो पेपरवाला? दिसते त गरीब बिचारा."

"गरीब नाई," तुम्ही म्हणालात, "बी.ए. हाय."

बाया हसल्या. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला राग आला होता का?"

"मंग! आला कसा नाई?" कौसाबाई म्हणाली. "आमच्या बाजाराचा वार बदलून राह्यले, अन् राग नाई येनार? पन राग घरी ठिऊन गेलतो बाप्पा. टोपल्यात वांगे होते. जागा कुठी होती?"

"कोणी आरडाओरडा केला?"

"केला ना. बैल सुटल्यावर केला. तूबी केला असता." मग तिला आठवलं. "अन् बोहनी कोनं केली मालूम हाय का? कचेरीतल्याच बाबूनं. देठं मोडून मोडून पाह्यले वांगे, मंग घेतले."

संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी राग आल्याचं कबूल केलं. तो कोणी लपवला नाही. उलट त्याबद्दल फार नेमकं बोलले. कुणाला अर्जाचं उत्तर आलं नाही म्हणून, कुणाला देवाचा वार मोडला म्हणून. तुमच्या फळ्यावरची वरची सगळी मडकी त्या लिंबाखाली एकेक करून उतरली. तळच्या मडक्यापर्यंत कोणीच गेलं नाही. कोतवालानं काठी कशासाठी घेतली, याचं उत्तर सगळ्यांनी एकच दिलं.

परत येताना पिपरीच्या अलीकडे उलटं वारं होतं. आपण उतरून सायकली हातात धरून चालत होतो. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं, तो विषय आता निघेल असं मला वाटत होतं. तुम्ही त्या वर्षीच्या तुरीबद्दल बोललात.

चौकशीची तारीख लागली आणि मला बोलावणं आलं. त्याच आठवड्यात नागपूरच्या दैनिकाकडून पत्र आलं. चौकशीला जाऊ नये. बातमीदारानं साक्षीसाठी उभं राहण्याचा पायंडा पडू देऊ नये. दैनिक आपल्या बातमीच्या पाठीशी आहे. खाली आणखी एक ओळ होती. लवकरच नागपूरला उपसंपादकाची एक जागा रिकामी होणार होती आणि तिच्यासाठी माझ्या नावाचा विचार चालू होता. तत्त्व म्हणून त्या पत्रात काही चूक नव्हती. मी आजही ते तत्त्व मानतो. पण मी काहीच पाहिलेलं नव्हतं, आणि हे त्यांना माहीत नव्हतं.

पत्र मी तुम्हाला दाखवलं. दुपारची वेळ होती, तुम्ही सुपारी कातरत होतात.

"जाऊ की नको?"

"पत्र तुह्या नावानं आलं. तूच ठरव."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मी तार केली नसती."

"ते झालं. आता काय?"

"आता मी काही सांगत नाई. जाय म्हनलो, अन् तुही नोकरी गेली, त जलमभर मले शिव्या देशीन. नोको जाऊ म्हनलो, त आंजीत पाय टाकता येनार नाई मले." तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात. "दोन्हीकडून माहीच सोय पाहू का?"

मला त्या क्षणी तुमचा राग आला, मास्तर. कुठल्या मडक्यातला होता ते मी तपासलं नाही. ज्या माणसानं मला त्या लिंबाखाली बसवलं त्यानंच ऐन वेळी हात काढून घेतला, असं वाटलं. नमस्कार न करता मी निघून गेलो. टोपी तुमच्या टेबलावर राहिली का हे विचारू नका. मी टोपी घालत नसे.

चौकशीच्या सकाळी तुम्ही व्हरांड्यातल्या बाकावर गणपतशेजारी बसला होतात. दोघं मिळून शेंगा फोडत होतात आणि कुणाच्यातरी म्हशीबद्दल बोलत होतात. मी समोरून गेलो तरी तुम्ही मान वर केली नाहीत. आज मला कळतं की ती मान वर न करणं किती अवघड होतं.

आत अधिकारी, एक लेखनिक आणि टेबलावर ते कात्रण. बातमी आपली का? होय. आपण त्या वेळी आवारात हजर होता का? इथं मी थांबलो. लेखनिकानं दोनदा टाक दौतीत बुडवला एवढं आठवतं. नागपूरची खोली, तिथलं लांब टेबल, तिथं बसलेला मी, हे सगळं मला दिसत होतं. बाहेर शेंग फुटल्याचा आवाज येत होता.

"नाही," मी म्हटलं.

"मग हा शब्द?"

"मी पाहिला नाही. ठरवला."

अधिकारी चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "आपण पदवीधर आहात. या शब्दाचा अर्थ आपण काय समजता?"

मी त्यांना टोपीची कसोटी सांगितली, तुमचं नाव न घेता. त्यांनी ती नीट ऐकून घेतली.

"आणि आंजीचे लोक?"

"ते वांगी विकत होते. गिऱ्हाइकाला देठं मोडून पाहू देत होते. धावला तो बैल, आणि कोतवाल बैलाला अडवायला धावला. मी हे सगळ्यांना विचारून आलो आहे. आधी विचारायला हवं होतं."

लेखनिक लिहायचा थांबला. "साहेब," तो म्हणाला, "वांगे मीबी घेतलते."

"ते लिहू नका," अधिकारी म्हणाले.

गणपतला बिल्ला परत मिळाला. बाजाराचा वार मात्र बदलला तो बदललाच. आंजीनं वर्षभर कुरकुर केली आणि मग नव्या वाराला जुनं मानलं. नागपूरहून मला एक पोस्टकार्ड आलं, यापुढे तारा पाठवू नयेत असं. दुरुस्ती त्यांनी छापली नाही. ती आपल्या साप्ताहिकानं छापली, पहिल्या पानावर, माझ्या नावासकट. आपण न छापलेल्या बातमीची दुरुस्ती आपण का छापायची, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मानूस आपला हाय." मजकूर मी लिहिला आणि तुम्ही त्यातलं 'अत्यंत खेद वाटतो' मधलं 'अत्यंत' काढलंत.

आणि दुसऱ्या दिवशी विचारलंत, "आता रिकामाच ना तू? मंग चार वाजता काऊन येतं? सकाळपासून येत जाय."

माझी पत्रकारी तिथून सुरू झाली. आधीचं मी मोजत नाही. पुढं तुमच्याच चिठ्ठीवर नागपूरच्या मराठी दैनिकात लागलो. आज भाषांतराच्या टेबलावर नवा माणूस 'संतप्त जमाव' लिहून आणतो तेव्हा मी त्याला विचारतो की मूळ बातमीदार तिथं होता का. तो म्हणतो, इंग्रजीत फ्युरियस आहे. मी म्हणतो, इंग्रजीत असेल; तुमच्या मजकुरात तो तुम्ही आणता आहात. तरुण मंडळींना हा छळ वाटतो. त्यांच्यापैकी निदान दोघांना काही वर्षांनी वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आपला वाद मात्र मिटला नाही. त्या शब्दाला मराठीत काय म्हणावं? तुमचा शब्द 'बेभान'. मी म्हणत आलो की भजनात नाचणारा माणूसही बेभान होतो, मग राग कुठं दिसला? तुम्ही म्हणायचे, राग शेजारच्या शब्दात दाखव, एकट्या शब्दावर सगळा भार काऊन टाकतं? वर्षानुवर्षं हे चाललं. तुमच्या आजारपणात शेवटचा भेटायला आलो तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होतात. बसल्या बसल्याच म्हणालात, "ते 'बेभान' बराबर नाई बरं. भजनातला मानूसबी बेभानच होते ना." मी म्हटलं, मास्तर, ते माझं म्हणणं होतं, आणि मी आता तुमचाच शब्द वापरतो. तुम्ही डोळे मिटून हसलात. "मंग आता तू माही बाजू सांभाळ. मी तुही सांभाळतो." त्यावर उत्तर द्यायचं मी पुढच्या खेपेवर ठेवलं.

इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर कधी रागावला नाहीत. रागाचा इतका बारीक विचार करणाऱ्या माणसाला स्वतःला तो येत नसावा, असं मी धरून चाललो होतो. तुमच्याबद्दल लोकांना सांगतानाही हेच सांगत असे: मास्तर शांत, मास्तरांना राग नाही. एका माणसाची रोजी मी एका शब्दानं धोक्यात घातली, वर तुमच्या तोंडावर खोटं बोललो, आणि तुम्ही फक्त "सकाळीच येजो" म्हणालात. मी ते तुमच्या स्वभावाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो.

तुमच्या तेराव्याला गणपत आला होता. आता वाकला आहे. कोतवाली मुलाकडे गेली. जेवणं झाल्यावर आम्ही मांडवात बसलो होतो. मी त्याला सहज म्हटलं, मास्तरांसारखा शांत माणूस मी पाहिला नाही.

"शांत?" गणपत म्हणाला. "तुमी प्रूफं आनाले गेलते ना जी त्या दिवशी? तुमची पाठ वळली, अन् मास्तर उठले. मी कोतवाल मानूस. गावातले भांडनं सारे पाह्यले. पन असा राग नाई पाह्यला. 'ह्याले आजच हाकलतो,' म्हने. 'ह्या कचेरीत पाय टाकू देनार नाई. वर्ध्यात कुठंच कागदाले हात लावू देनार नाई.' दौत उचलली अन् भिंतीवर मारली. सारी शाई त्याइच्याच धोतरावर. त्याइले पत्ता नाई."

मी ती शाई पाहिलीही असेन. आपल्या कचेरीत कोणाच्या धोतरावर शाई नव्हती?

"मग?" मी विचारलं.

"मंग मीच म्हनलो, मास्तर, नोका हाकलू जी त्याले."

मी म्हटलं, "तुम्हाला माझी दया आली?"

गणपतनं तबकातली सुपारी उचलली.

"दया कायची?" तो म्हणाला. "बिल्ला माहा गेलता. तुमाले हाकललं असतं, अन् तुमी नागपूरले निघून गेले असते, त साहेबासमोर 'मी नवतो तिथं' म्हनाले कोन राह्यलं असतं? बैल?" मग त्यानं सुपारी तोंडात टाकली. "मास्तर बसले खाली. भल्ला वेळ काही बोललेच नाई. पानी पेले. मंग म्हने, बराबर हाय तुहं. तेवढ्यात तुमी आलेच."

हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. त्याबद्दलही आभार. कळलं असतं तर मी चौकशीत तुमच्या धाकानं खरं बोललो असतो, आणि तुम्हाला ते नको होतं.

मास्तर, छापखाना दोन गल्ल्यांवर होता. भरभर गेलं तर पाच मिनिटांत परत येता येई. त्या दिवशी माझे पाय उचलत नव्हते. वाटेत मी पान खाल्लं, कंपोझिटरशी उगाच बोलत उभा राहिलो, परत येतानाही रस्त्यात रेंगाळलो. तुम्हाला जेवढा वेळ लागला तेवढा मी नकळत दिला. मी घाई केली नाही, हे फार बरं झालं.